एका अपघाताचे दगड

डिचोली तालुक्यात काळा, जड दगड सापडला तर त्याची बातमी होत नाही. कारापूर, सर्वण, मये, साखळी या टापूत खनिजाचे ट्रक कित्येक दशके धावले. रस्त्याच्या कडेला, गडग्यात, चिऱ्यांच्या ढिगात खनिजाचा एखादा खडा असायचाच. भूवैज्ञानिकांनी गोव्यातल्या खडकांच्या एका थराला डिचोलीचेच नाव दिले आहे आणि इथल्या लोहखनिजाच्या पट्ट्या त्याच थरात आहेत. त्यामुळे हातात आलेला काळा, वजनदार, लोहचुंबकाकडे ओढला जाणारा दगड आकाशातून पडला असेल असे कुणाला वाटले, तर इथे त्या वाटण्याला फारसा आधार उरत नाही. लादीच्या मागच्या खरबरीत बाजूवर तो दगड ओढून पाहावा. तांबडी रेघ उमटली तर ते हेमॅटाइट, काळी उमटली तर मॅग्नेटाइट असण्याचा संभव मोठा. ताज्या अशनीची अशी ठळक रेघ सहसा उमटत नाही. शिवाय आकाशातून पडणारे बहुसंख्य दगड आपल्या खनिजाहून हलकेच असतात. त्यांची घनता पाण्याच्या साडेतीनपटीच्या आसपास, तर चांगल्या हेमॅटाइटची पाचपट. म्हणजे ‘एवढा जड आहे, नक्कीच वरून पडलेला’ हा तर्क डिचोलीत उलटा चालतो. खरा अशनी बाहेरून काळा असतो, पण ती काळी साल एक मिलिमीटरसुद्धा जाड नसते. फोडला की आत राखाडी दगड, आणि त्यात धातूचे बारीक चमकते ठिपके. त्या धातूत लोखंडाबरोबर निकेल असते.

असा खरा दगड कसा असतो हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या आसपास आकाशात स्फोटासारखे आवाज झाले आणि दगड पडले. संत्र्यांसाठी ओळखला जाणारा हा भाग एकाएकी भूवैज्ञानिकांच्या नकाशावर आला. तीसेक तुकडे गोळा झाले, त्यांतला सर्वांत मोठा साधारण किलोभराचा. तपासणीत तो ‘एल ६’ जातीचा कोंड्राइट ठरला. कोंड्राइट म्हणजे सूर्यमाला घडत असताना गोठलेल्या खनिजांच्या सूक्ष्म गोळ्या ज्याच्या पोटात असतात असा अशनी. ‘एल’ म्हणजे लोखंड तुलनेने कमी. कमी म्हणजे तरी वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिकच, पण त्यातले बहुतेक ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन या खनिजांत बांधलेले. लोखंड जास्त असलेल्यांची ‘एच’ जात आणि एलपेक्षाही कमी असलेल्यांची ‘एलएल’. सहाचा आकडा सांगतो की हा दगड आपल्या मूळ पिंडाच्या पोटात इतका तापला होता की ते गोल कण भोवतालच्या खडकात जवळजवळ विरघळून गेले. पृथ्वीवर पडताना दिसलेल्या अशनींपैकी एक तृतीयांशाहून अधिक एल जातीचे असतात. म्हणजे काटोलला पडले ते काही दुर्मीळ रत्न नव्हते, आणि म्हणूनच ते मोलाचे आहे. एवढे नेहमीचे दगड येतात तरी कुठून?

उत्तर एका शब्दात देता येते: लघुग्रह-पट्ट्यातून. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लक्षावधी लहान-मोठे पिंड सूर्याभोवती फिरतात, त्यांतले काही दगडी, बरेचसे कार्बनयुक्त, थोडे धातूचे. पण ‘पट्ट्यातून’ हे उत्तर म्हणजे मासळी कुठून आली तर ‘समुद्रातून’ असे सांगण्यासारखे आहे. त्यापुढचा प्रश्न असा की पडणारे दगड साऱ्या पट्ट्याचा नमुना आहेत, की एकाच होडीने एका दिवशी आणलेली मासळी? माझे उत्तर दुसरे आहे. काटोलला पडला तसला दगड हा लघुग्रह-पट्ट्याचा प्रतिनिधी नव्हे. तो एका ठरावीक अपघाताचा उरलेला भंगार आहे. हे म्हणायला आधार चांगला आहे, पण तो वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावा लागतो आणि त्यातला एक गोव्याच्या किनाऱ्यावर दोना पावल्याला आहे.

पहिला आधार काटोलच्या दगडातच आहे. २०२१ साली आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीवर सर्वांत विपुल असलेले खनिज हेच, पण ते असते ६६० किलोमीटरपेक्षा खोल. तिथून ते जसेच्या तसे वर येत नाही, दाब सुटला की रूप बदलते. निसर्गातला त्याचा पहिला नमुना २०१४ साली सापडला तोही एका अशनीत. ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेला टेनहॅमचा हा दगडही एल ६ जातीचाच. ब्रिजमनाइट तयार व्हायला सव्वादोन लाख वातावरणांहून अधिक दाब लागतो. शेदीडशे किलोमीटरच्या लघुग्रहाच्या अगदी मध्यावरसुद्धा याच्या जवळपास जाणारा दाब नसतो, कारण त्याचे स्वतःचे वजनच तेवढे नसते. मग हा दाब आला तो आदळण्यातून. क्षणार्धात दगडाच्या शिरा वितळल्या, तेवढ्यात नवे खनिज जमले आणि लगेच थंड झाले म्हणून टिकले. हा दगड कधीतरी एका मोठ्या टकरीच्या जागी होता, इतके त्याच्या पोटातून निर्विवाद कळते.

ती टक्कर कोणती, हे एका दगडावरून ठरत नाही. पण जगभरच्या एल जातीच्या दगडांचे वय मोजले तेव्हा एक आकडा पुन्हा पुन्हा येऊ लागला. खडक जोरात तापला की त्यात साठलेला आर्गॉन वायू निसटतो आणि घड्याळ शून्यावर येते. अनेक एल कोंड्राइटांची ही घड्याळे सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी थांबून पुन्हा सुरू झालेली आहेत. साक्ष तेवढीच असती तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण स्वीडनमधल्या थोर्सबर्गच्या चुनखडीच्या खाणीतून दुसरी साक्ष आली. तिथे फरशीसाठी दगड कापतात. कापलेल्या लादीत मधूनच काळपट डाग दिसला की ती लादी बिघडलेली म्हणून बाजूला पडायची. ते डाग जुन्या समुद्रतळावर पडलेल्या अशनींचे निघाले. असे शंभराहून अधिक अशनी त्या खाणीत सापडले आणि एखादा अपवाद सोडला तर सगळे एल जातीचे. त्या चुनखडीचे वयही ४६-४७ कोटी वर्षांच्या घरातले. म्हणजे आकाशात टक्कर झाली आणि भूवैज्ञानिक हिशोबाने लगेच पृथ्वीवर त्याच एका जातीच्या दगडांचा पाऊस सुरू झाला.

आता त्या टकरीचा पत्ता. फ्रान्समधल्या आणि चेक प्रजासत्ताकातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या गटांनी २०२४ साली तो मांडला: मस्सालिया. हा मुख्य पट्ट्याच्या आतल्या भागातला दगडी लघुग्रह. १८५२ साली नेपल्समध्ये अन्निबाले दे गास्पारिस यांनी तो शोधला. रुंदी सुमारे १४० किलोमीटर, सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या २.४ पट, एक फेरी पावणेचार वर्षांची. त्याच्या मागे-पुढे त्याच्याच तुकड्यांचे कुळ फिरते. मांडणी अशी की ४६-४७ कोटी वर्षांपूर्वी इथे पहिली मोठी टक्कर झाली आणि अलीकडे, म्हणजे सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी, याच लघुग्रहाला पुन्हा मोठा धक्का बसला. आज पडणारे एल दगड मुख्यतः त्या दुसऱ्या धक्क्यातून सुटलेले. घरापासून वाटही जवळची आहे. सूर्यापासून अडीच पट अंतरावर पट्ट्यात एक मोकळी जागा आहे. तिथे असलेला पिंड गुरूच्या एका फेरीत बरोबर तीन फेऱ्या करतो, गुरूचे ओढणे दर वेळी त्याच जागी बसते, कक्षा लांबट होत जाते आणि अखेर पृथ्वीची वाट कापते. सूर्यप्रकाशाने तापून-निवून लहान तुकडे हळूहळू सरकतात आणि त्या खिंडारात पोचतात. मस्सालिया त्या खिंडाराच्या अलीकडच्याच काठावर आहे. शिवाय १९८३ साली सोडलेल्या आयआरएएस या अवरक्त दुर्बिणीला सूर्यमालेत धुळीचे पट्टे दिसले होते. त्यांतला एक अगदी कमी कलाचा पट्टा मस्सालियाच्या कुळाशी जुळतो.

इथे पहिली हरकत येते, आणि ती रास्त आहे. कोट्यवधी किलोमीटरवरच्या ठिपक्याच्या उजेडावरून त्याचा दगड ओळखायचा कसा? ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन सूर्यप्रकाशातला अवरक्ताचा ठरावीक भाग शोषून घेतात, दगड प्रयोगशाळेत असो वा अंतराळात. मस्सालियासारख्या लघुग्रहांच्या प्रकाशात त्या खुणा दिसतात. तरी कित्येक वर्षे हे नाते अडून बसले होते. दगडी लघुग्रहांचा उजेड प्रयोगशाळेतल्या कोंड्राइटांपेक्षा तांबूस आणि खुणा फिक्या दिसत. काहींनी तर हे दगड त्या लघुग्रहांचे नाहीतच असे म्हटले. निकाल जपानच्या हायाबुसा यानाने लावला. २००५ साली ते इटोकावा या पृथ्वीजवळच्या दगडी लघुग्रहावर टेकले आणि जून २०१० मध्ये त्याच्या पृष्ठावरचे सुमारे दीड हजार सूक्ष्म कण घेऊन परतले. ते कण एलएल जातीच्या कोंड्राइटांशी जुळले, आणि त्यांच्या कडांवर लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांची पुटे आढळली. सूर्यवाऱ्याच्या आणि सूक्ष्म आघातांच्या माऱ्याने चढलेला हा रापलेपणा उजेड तांबूस करतो. फरक दगडात नव्हता, कातडीत होता. हायाबुसाच्या कणांचे सगळे मिळून वजन एका मिलिग्रॅमहून कमी होते. इतक्या थोड्या मालावर इतका जुना वाद मिटल्याची उदाहरणे फार नाहीत.

दुसरी हरकत अधिक खोचक आहे. पडतो तोच दगड आपल्याला मिळतो. ठिसूळ, कार्बनयुक्त दगड वातावरणातच चुरा होऊन जात असतील. मग आपल्या संग्रहात दगडी जातींची गर्दी दिसणे हा वातावरणाच्या चाळणीचा परिणाम, त्यासाठी अपघाताची गोष्ट कशाला हवी? यात तथ्य आहे. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत ते प्रत्यक्ष पाहता येते. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून मँगनीजच्या गाठी वर काढल्या, हे अनेकांना आठवत असेल. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यातला, सुमारे पाच किलोमीटर खोलीवरचा गाळ चाळून आणि त्यावर चुंबक फिरवून याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आकाशातून आलेले कण वेचले आहेत. एम. श्याम प्रसाद आणि एन. जी. रुद्रस्वामी यांची नावे यात प्रमुख. कण बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतात. वातावरणातून येताना वितळून गोल झालेले, काहींच्या पोटात न वितळलेला ऑलिव्हीनचा तुकडा. खोल समुद्र यासाठी कामाचा ठरतो कारण तिथे किनाऱ्याचा गाळ पोचत नाही आणि हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर थर साचतो, म्हणून थोड्याशा मातीत फार काळची धूळ सापडते. असले गोल कण समुद्रतळाशी पहिल्यांदा सापडले ते १८७२ ते १८७६ मधल्या ब्रिटिश ‘चॅलेंजर’ मोहिमेत. कारापूरच्या छपरावरची धूळ चुंबकाने वेचून हे काम होणार नाही. तिथे चुंबकाला चिकटेल ते बव्हंशी खाणीचेच असेल, आणि आकाशातून आलेले लोखंड चार पावसाळ्यांत गंजून जांभ्यात मिसळून जाईल.

तर या धुळीत काय दिसते? न वितळलेल्या खनिजकणांच्या प्राणवायूच्या समस्थानिकांवरून पाहिले तर बऱ्याच कणांचे नाते कार्बनयुक्त अशनींशी लागते. साध्या दगडी कोंड्राइटांशी नाते सांगणारे कण त्या मानाने थोडे. पडणाऱ्या दगडांत मात्र साधे कोंड्राइट शंभरात ऐंशीच्या आसपास. एकाच आकाशातून दोन इतके वेगळे हिशोब येतात, म्हणजे दगड हा पूर्ण नमुना नाही हे सिद्धच झाले. पण धूळही निःपक्षपाती साक्षीदार नाही. तिच्यातला मोठा भाग लघुग्रहांचा नसून धूमकेतूंचा असावा असा अंदाज आहे. अंटार्क्टिकातल्या बर्फावरून २०२१ साली केलेल्या मोजणीत तो हिस्सा ऐंशी टक्क्यांच्या घरात धरला गेला. तेव्हा वातावरणाची चाळणी मान्य करूनही एवढेच म्हणता येते की कार्बनयुक्त दगड कमी का, हे तिने थोडेफार उलगडते.

पण तिने एल दगड जास्त का, हे उलगडत नाही. आणि माझ्या मते सगळा वाद इथेच ठरतो. एच, एल आणि एलएल या तिन्ही जाती जवळपास सारख्याच कणखर. वातावरण त्यांच्यात डावे-उजवे करणार नाही. पृथ्वीजवळून जाणारे किलोमीटरभर आकाराचे दगडी लघुग्रह पाहावेत तर ते बहुतांश एलएलसारखे दिसतात, इटोकावा त्यांतलाच. २०१३ साली चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे वीस मीटरचा दगडही एलएलच. पट्ट्याच्या आतल्या काठावरचे फ्लोराचे भले मोठे कुळ त्याच जातीचे. नमुना निष्पक्ष असता तर पडणाऱ्या दगडांत एलएलच वरचढ असायला हवेत. प्रत्यक्षात ते दहातला एकही भरत नाहीत. याचा सरळ अर्थ असा की मोठे पिंड आणि लहान दगड वेगवेगळ्या गोदामांतून येतात. किलोमीटरभराचे पिंड जुन्या, मोठ्या कुळांतून सावकाश झिरपतात. हातात मावणारे दगड मात्र लवकर झिजतात, फुटतात, सूर्यात पडतात. त्यामुळे त्यांचा साठा ताज्या टकरीनंतर भरतो आणि काही कोटी वर्षांत ओसरतो. २०२४ च्या हिशोबाप्रमाणे आज पडणाऱ्या अशनींपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास फक्त तीन तरुण कुळांतून येतात: कारिन, कोरोनिसचे एक नवे पोटकूळ आणि मस्सालिया. पहिली दोन तर कोटभर वर्षांचीही नाहीत.

पत्त्याबद्दल मात्र जपून बोलायला हवे, कारण तो याआधी एकदा बदललेला आहे. २००९ साली एल दगडांचे घर म्हणून जेफिऑन हे कूळ पुढे आले होते. पुढे त्या कुळातल्या लघुग्रहांचा उजेड बारकाईने तपासला तेव्हा बरेचसे एल जातीशी जुळेनात. आता २०२५ मध्ये कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उल्कांच्या कक्षांवरून काम करणाऱ्या एका गटाने मस्सालियालाही हरकत घेतली असून हेर्था या शेजारच्या कुळाकडे बोट दाखवले आहे. हेर्थाचा उजेड एल कोंड्राइटांसारखा नाही, पण तो टकरीच्या धक्क्याने काळवंडलेल्या खडकामुळे असेल, असा त्यांचा तर्क. यावर कुणी म्हणेल की घर दर काही वर्षांनी बदलते तर या शास्त्रावर भरवसा कसा ठेवायचा? पण बदलले काय ते पाहा. एकच पिंड, ४६-४७ कोटी वर्षांपूर्वीची एकच मोठी टक्कर, हे तिन्ही मांडण्यांत कायम आहे. शेवटच्या दोन्ही मांडण्यांत जागाही एकाच गल्लीतली आहे, पट्ट्याच्या आतल्या भागात, अडीच पट अंतराच्या त्या खिंडाराच्या अलीकडे. भांडण घर क्रमांकावर आहे. मला स्वतःला मस्सालियाचे पारडे थोडे जड वाटते, कारण तिथे उजेड, धुळीचा पट्टा आणि कक्षा हे तिन्ही वेगळा खुलासा न मागता जुळतात, तर हेर्थासाठी ‘तो तसा दिसत का नाही’ याचे कारण आधी मान्य करावे लागते.

मग खाणींच्या तालुक्यात विचारला जाईल असा प्रश्न: या दगडी लघुग्रहांत लोखंड-निकेल आहे, ते कधी उपयोगाला येईल का? सध्या तरी नाही. एल जातीच्या दगडात सुटा धातू वजनाच्या काही टक्केच असतो. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ साली बेन्नू लघुग्रहावरून आणला तो माल १२१ ग्रॅम, आणि मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरहून अधिक. खनिजाची किंमत खाणीत नव्हे तर वाहतुकीत ठरते हे मांडवीतल्या बार्जेसचा हिशोब ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

लोणारचाही उल्लेख इथे कुणी करील. बुलढाणा जिल्ह्यातले १.८ किलोमीटर रुंदीचे ते विवर याच कामाचे नाही का? दुर्दैवाने फारसे नाही. आदळणारा पिंड तिथे वाफ होऊन गेला आणि विवराच्या वयावरही अजून एकमत नाही. काही हजारांपासून काही लाख वर्षांपर्यंतचे आकडे मांडले गेले आहेत. लहान दगड हळू येतो म्हणून शाबूत राहतो. मोठा येतो तो आपली ओळख जाळूनच.

काटोलचा दगड शाबूत आहे, पण त्याची वाट कुणी मोजलेली नव्हती. पडण्याआधीची कक्षा कॅमेऱ्यांनी पकडलेला पहिला अशनी चेकोस्लोव्हाकियातला, १९५९ सालचा प्रिब्रामचा. त्यानंतरही असे दगड थोडेच आहेत. मस्सालियाच्या कक्षेचा पृथ्वीच्या कक्षेशी असलेला कल एका अंशाहूनही कमी आहे, हेर्थाचा त्याहून थोडा जास्त. फरक एवढा बारीक की दोन-चार दगडांनी निकाल लागणार नाही. कॅमेऱ्यांनी कक्षा मोजलेले आणि नंतर हाती लागलेले एल जातीचे बरेच दगड जमावे लागतील. त्यांचे अंतराळात उघडे राहिल्याचे वय, म्हणजे विश्वकिरणांनी दगडात केलेल्या बदलांवरून काढलेले वय, चार कोटी वर्षांच्या आत कुठे आणि किती गर्दी करते, हेही तपासावे लागेल. त्या तपासात काटोलचा दगडही घेता येईल. कक्षा गेली तरी विश्वकिरणांची नोंद त्याच्या आत आहे.